वाढीव घोडे

हर्णैला मासळीचा लिलाव संध्याकाळी लागतो. बोटी बाहेर पाण्यात नांगरून उभ्या असतात, माल लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येतो, आणि ओलसर वाळूवर ढीग मांडून बोली सुरू होते. पहिल्या बोलीच्या वेळी व्यापाऱ्यांचे खिसे भरलेले असतात, बर्फाच्या पेट्या रिकाम्या असतात, मुंबईकडे निघायचे टेंपो भरायचे असतात. तासाभराने यातलं काहीच तसं राहत नाही. त्याच सुरमईचा, त्याच पापलेटचा भाव खाली बसतो. मासळीत काही कमी नसतं, आणणारा मागून आलेला असतो एवढंच. इथल्या माणसाला आपल्या बोटीत आणखी वीस-तीस घोडे असावेत असं का वाटतं, हे समजायला इंजिन उघडावं लागत नाही. एक संध्याकाळ लिलावात उभं राहिलं की पुरे.

मामाने मला विचारलं ते मात्र जूनमध्ये, आंजर्ल्याच्या खाडीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी खाडीच्या आडोशाला येतात, वरून झापं आणि ताडपत्र्या घालून शाकारल्या जातात, आणि दहा महिने ज्या गोष्टींकडे बघायला सवड नसते त्या सगळ्या एकदम दिसू लागतात. "तू पुण्याला इंजिनंच तपासतोस ना," मामा म्हणाला, "मग सांग, ह्याला टर्बो लावला तर किती वाढतील?"

मी पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर काम करतो. तिथे इंजिन लोखंडी चौथऱ्यावर आवळून बसवलेलं असतं, पुढे भार देणारा डायनॅमोमीटर, आणि पडद्यावर अश्वशक्तीचा आकडा दशांशासकट उमटतो. आकडा खरा असतो, पण तो चौथऱ्यावरच्या इंजिनाचा. तेच इंजिन लाकडी बुडात, गिअर, शाफ्ट आणि पंखा लावून, खाऱ्या पाण्यात सोडलं की पुढचा हिशेब दुसरेच लोक करतात, आणि त्यात समुद्र हा एक असतो.

मामाचं इंजिन सहा सिलिंडरचं. आमच्या किनाऱ्यावर बोटीची ओळखच सिलिंडरवरून: दोनवाला, चारवाला, सहावाला. ब्लॉक मूळचा ट्रकचा. रेडिएटर काढून त्या जागी हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टभोवती पाण्याचं जॅकेट, खारं पाणी ओढायला रबरी इंपेलरचा पंप, मागे पुढे-उलट चालणारा गिअर, एवढं केलं की ट्रकचं इंजिन दर्याला लागतं. पण त्याच ब्लॉकला ट्रकमध्ये जेवढे घोडे लिहिलेले असतात तेवढे बोटीत नसतात, आणि नाखव्यांना यात कुणीतरी आपल्याला फसवतंय असा वास येतो. फसवणूक नसते. ट्रक कुंभार्ली घाट चढतो तेव्हा जीव तोडतो, घाट संपला की चालकाचा पाय ढिला होतो. बोटीला उतार नाही आणि सपाटीही नाही. बंदर सोडल्यापासून बंदर लागेपर्यंत ती चढणच चढत असते. जाळं पाण्यात असलं तर तासन् तास एकाच भाराखाली. म्हणून कारखानदार एकाच इंजिनाला कामाप्रमाणे वेगवेगळे आकडे देतात. रात्रंदिवस चालवायचं तर इतके घोडे, मधूनमधून जोर लावायचा तर थोडे जास्त, आणि कुणा हौशी माणसाच्या स्पीडबोटीत, वर्षाला थोडेच तास चालणार असेल, तर सगळ्यात जास्त. मासेमारीच्या बोटीत जे 'वाढवलेले' घोडे असतात ते पुष्कळदा या मधल्या फरकातूनच उचललेले असतात.

टर्बोचं उत्तर देण्याआधी मिस्त्रीने नोझल काढले. हा मिस्त्री मामापेक्षा वयाने मोठा, मामा त्याला 'भाऊ' म्हणतो आणि तो मामाला 'नाखवा'. त्याच्याकडे नोझल तपासायचा हातपंप आहे, लोखंडी डबीवर बसवलेला, बाजूला दाबाचं घड्याळ. त्याने एकेक नोझल वर लावला आणि दांडा खाली दाबला. काटा सरकत दोनशे किलोच्या आसपास गेला की चांगला नोझल कर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज करतो आणि डिझेल धुक्यासारखं सुटतं, इतकं बारीक की थेंब म्हणून दिसतच नाही. पहिले तीन असे सुटले. चौथ्याने आवाज केला नाही. त्याच्या टोकाला एक थेंब जमला, फुगला आणि खाली पडला. पाचव्याचं धुकं एका अंगाला तिरकं गेलं. मी वाकून बघायला लागलो तसा मिस्त्रीने डाव्या हाताने मला मागे सारलं. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, आणि मग बोट वाचवायला दवाखाना गाठावा लागतो. त्याने दुसऱ्यांदा दांडा दाबला, पुन्हा थेंब. "नाखवा," तो म्हणाला, "तुमच्यातले दीड सिलिंडर नुसतेच धूर काढतायत. आधी आहेत ते घोडे तरी मोजून घ्या."

मग पुढचं सगळं त्याच वाटेने निघालं. एअर फिल्टर तेलकट काळा. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत पांढरा क्षार. पंख्याच्या एका पात्याचं टोक वाकलेलं, कधीतरी दोर अडकला होता तेव्हाचं. आणि बुडाला वर्षभराची कवचं चिकटलेली, हात फिरवला तर सोलवटून निघेल अशी. बुडाच्या या खरखरीतपणाने इंजिन किती खाल्लं जातं याचा अंदाज बोटीवाल्यांना असतो, तरी दरवर्षी रंग लावताना घासण्याचं काम खलाशांतल्या सगळ्यात लहान पोराकडे जातं. मला विचाराल तर कोकण किनाऱ्यावरचं सगळ्यात स्वस्त हॉर्सपॉवर पत्र्याच्या खरवडणीत आहे. पण त्याला टर्बोसारखी शिट्टी नाही, त्यामुळे त्याचा रुबाब पडत नाही.

शिट्टीचं आकर्षण मला समजतं, कारण टर्बोची कल्पना खरोखर देखणी आहे. डिझेल जाळून जी उष्णता निघते तिच्यातला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा शाफ्टवर येतो, तिसरा पाण्यात जातो आणि तिसरा धुराबरोबर आकाशात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेतलं ते या वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावण्याचं. धुराने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. एक किलो डिझेल नीट जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. नुसतं डिझेल वाढवून भागत नाही, हवा नसेल तर ते काजळी होऊन चिमणीतून बाहेर पडतं. दाबलेली हवा मिळाली की त्याच सिलिंडरमध्ये जास्त डिझेल जळतं. कल्पना कागदावरून पाण्यावर यायला वीस वर्षं लागली. १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेस्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या इंजिनांना ब्यूखीच्या पद्धतीचे टर्बो बसले आणि १७५० अश्वशक्तीच्या जागी २५०० मिळू लागली. टर्बोने घोडे वाढतात हे तेव्हापासून सिद्ध आहे. मामाचं काही चुकत नव्हतं.

फक्त ती इंजिनं टर्बोसाठीच घडवलेली होती. कारखाना जेव्हा एकच ब्लॉक साधा आणि टर्बोवाला असा दोन प्रकारांत विकतो तेव्हा वरून रंग सारखा असला तरी आतला माल सारखा नसतो. पिस्टन वेगळे असतात, कॉम्प्रेशन थोडं उतरवलेलं असतं, कित्येकदा पिस्टनच्या बुडावर खालून तेलाची चिळकांडी सोडून त्याला थंड ठेवलेलं असतं, ऑइल कूलर मोठा असतो, व्हॉल्व्हचा धातू वरच्या दर्जाचा असतो. जुन्या साध्या इंजिनावर बाजारातला टर्बो आणून बसवला आणि डिझेलच्या पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं, तर पहिल्या महिन्यात सगळे खूश असतात. नंतर हेडचं पॅकिंग जातं. मग पिस्टनचा माथा जळतो. पंपावरचं ते सील म्हणजे एका स्क्रूमधून ओवलेली तार आणि तिच्यावर दाबलेला शिशाचा मणी, पकडीने एका क्षणात तुटेल असा. कायद्याने कुणी अडवायला येत नाही. मिस्त्री ती तार तोडायला नाही म्हणतो तेव्हा तो स्वतःचं गिऱ्हाईक घालवत असतो, हे लक्षात घ्यावं.

समजा आतलंही सगळं बदललं. मग वाढलेला जोर गिअरवर येतो, आणि गिअरचीही सहन करायची मर्यादा ठरलेली असते. गिअरमधून शाफ्टवर. शाफ्टचा पीळ सोसायचा जोर त्याच्या व्यासाच्या घनाने वाढतो. दुप्पट पीळ सोसायला ५० मिलिमीटरचा शाफ्ट ६३ चा करावा लागतो. ऐकायला तेरा मिलिमीटर. पण तो शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो ती नळी बोटीच्या मागच्या जाड लाकडात बसवलेली असते, आणि ते भोक मोठं करायचं म्हणजे सुताराला बोलवायचं. सुतार आला की इंजिनाखालचे सागवानी बेड बघतो, त्यातले बोल्ट हलतायत का बघतो, आणि फळ्यांच्या सांध्यांतला ठोकलेला कापूस कुठे सुटलाय तेही बघतो, कारण वाढलेली थरथर आधी तिथेच कळते. टर्बोचा खर्च विचारायला गेलेला माणूस असा हळूहळू नवी बोट बांधण्याच्या खर्चापर्यंत पोचतो.

आणि अजून आपण पाण्यात उतरलेलोच नाही.

पंखा हा मोठा हिशेबी प्राणी आहे. तोच पंखा अधिक वेगाने फिरवायचा तर लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. १५०० फेऱ्यांवर चालणारं इंजिन त्याच पंख्यानिशी १८०० वर न्यायचं, म्हणजे फेऱ्या पाचव्या हिश्शाने वाढवायच्या, तर ताकद ७० टक्क्यांहून जास्त वाढवावी लागते. उलट बाजूने सांगायचं तर इंजिनात ३० टक्के घोडे घातले तर पंखा नऊ टक्केच जास्त फिरतो. वाढीव घोडे खरोखर वापरायचे तर पंखा बदलावा लागतो: मोठा व्यास किंवा जास्त पिच, म्हणजे पात्यांचा जास्त तिरकेपणा. व्यास वाढवायला सुकाण आणि बुड यांच्यामध्ये जागा हवी, आणि ती बोट बांधली त्या दिवशी ठरून गेलेली असते. पिच वाढवला तर कमी जागेत जास्त जोर कोंबला जातो, आणि पाणी ते एका मर्यादेपर्यंतच चालवून घेतं.

ही मर्यादा ज्याला सगळ्यात महागात पडली तो माणूस म्हणजे चार्ल्स पार्सन्स. त्याने १८९४ मध्ये 'टर्बिनिया' नावाची शंभर फुटांहून थोडी लांब, सडपातळ बोट पाण्यात सोडली. तिच्या पोटात त्याने स्वतः शोधलेलं वाफेचं टर्बाइन होतं, ताकदवान आणि वेगवान. बोट वीस नॉटच्या पुढे जाईना. टर्बाइन फिरत होतं, शाफ्ट फिरत होता, पंखा फिरत होता, बोट मात्र त्या मानाने सरकत नव्हती. पात्यांच्या पाठीमागे दाब इतका खाली जात होता की थंडगार समुद्राचं पाणी तिथल्या तिथे उकळून वाफेचे बुडबुडे होत होते, आणि पंखा पाणी ढकलायचं सोडून त्या पोकळीत फिरत होता. पार्सन्सने मग एका टाकीत पाणी उकळीच्या जवळ तापवून त्यात लहानसा पंखा फिरवला आणि हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. उपाय म्हणून त्याने एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट केले, प्रत्येकावर तीन पंखे, एकूण नऊ. १८९७ च्या जून महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाला स्पिटहेडला ब्रिटिश आरमाराच्या शिस्तबद्ध रांगा उभ्या असताना ही आगंतुक बोट त्या रांगांमधून चौतीस नॉटच्या वेगाने धावली, आणि तिला अडवायला आलेल्या नौका मागे पडल्या. गोष्ट सांगताना लोक टर्बाइनचं कौतुक करतात. मला त्यातली गरम पाण्याची टाकी जास्त आवडते. तीन वर्षांत त्याने ताकदीचा प्रश्न सोडून पाण्याचा प्रश्न हातात घेतला, आणि तो सुटल्यावर ताकद कामी आली.

टर्बिनिया सुरीसारखी अरुंद होती. आमच्या बोटी पोटाने रुंद, कारण त्यांना बर्फ, मासळी, जाळी आणि सातआठ माणसांचा संसार न्यायचा असतो. अशी बोट पाणी बाजूला सारत चालते आणि चालताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते, शेवटी लाटेची लांबी बोटीइतकी होते, आणि मग बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात बसून समोरचा चढ चढायला बघते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने लहान नमुने पाण्यात ओढून या लाटांचं गणित बसवलं. १८७२ मध्ये टॉर्की इथे त्याचा हौद तयार झाला, त्याआधी तो डार्ट नदीत नमुने ओढत होता. त्या विचारातून निघालेला ठोकताळा आजही बोट बांधणारे वापरतात: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, आलेला आकडा नॉटमध्ये तुमचा कमाल वेग. ४५ फुटांना तो नऊ येतो. ही काही भिंत नाही, पण तिथून पुढचा प्रत्येक अर्धा नॉट बोटीच्या किमतीत मोजावा लागतो.

मामाची बोट भरलेली असताना सात नॉटने येते. मी झापांच्या सावलीत बसून कागदावर मांडलं. तीस मैलांवरून यायचं धरलं, सागरी मैल. सात नॉटला सुमारे साठ घोडे लागतात असं समजलं, आणि घोड्यामागे तासाला पाव लिटरहून थोडं कमी, म्हणजे ०.२ लिटर डिझेल. सव्वाचार तासांत ५१ लिटर. आठ नॉट हवे असतील तर घोडे दीडपट, नव्वद. वेळ पावणेचार तास, डिझेल ६७ लिटर. घोडे दुप्पट करून १२० केले तर कागदावरचं घनाचं गणित पावणेनऊ नॉट म्हणतं, पण नऊची चढण जवळ आलेली असते, साडेआठ मिळाले तर नशीब. साडेतीन तास, ८५ लिटर. पहिल्या पायरीला अर्ध्या तासासाठी सोळा लिटर, दुसऱ्या पायरीला पाव तासासाठी आणखी अठरा.

कागद बघून मामा गप्प होईल असं मला वाटलं होतं. तो हसला. "सोळा लिटर म्हणजे दीड हजार रुपये झाले," तो म्हणाला. "अर्धा तास आधी लागलो तर पहिल्या चार ढिगांतच सुटतात तेवढे. तुझा हिशेब बरोबर आहे, पण तू डिझेलच्या भावात केलास. मासळीच्या भावात कर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. मासळीच्या भावात तो बरोबरच होता. जाळं ओढण्याचं बघितलं तर आणखी बरोबर होता. दोन-तीन नॉटने ट्रॉल ओढताना बोटीची स्वतःची लाट आड येत नाही. तिथे वाढीव घोडे खरोखर ओढ देतात, जाळं मोठं लावता येतं, खोल जाता येतं. फयानची आठवण काढली तरी तोच बरोबर. २००९ च्या नोव्हेंबरात ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्याकडे पळणाऱ्या बोटींना प्रत्येक अर्धा नॉट मोलाचा होता. हर्णै बंदर उघडं. वादळाचा बावटा लागला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरायला धावतात, आणि खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला. ओहोटीत पाणी पुरत नाही, बोटी तिथे आपटल्या आहेत. भरती असेतो आत शिरायचं तर वेग लागतो. खाडीतला गाळ काढला असता तर मागणीतले किती घोडे कमी झाले असते, याचा हिशेब कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

घोड्यांचा आणखी एक आकडा असतो, कागदावरचा. मासेमारीच्या डिझेलवरचा कर परत मिळण्यासाठी आपल्या राज्यात बराच काळ १२० अश्वशक्तीची अट होती, त्यावरच्या बोटींना परतावा नाही. ती अट पुढे निघाली. पण असा एखादा आकडा सरकारने आखला की त्याच्या अलीकडे किती गर्दी होते, हे समजायला किनाऱ्यावर राहावं लागत नाही. युरोपात तर मासेमारीच्या ताफ्याची एकूण ताकदच किलोवॅटमध्ये बांधून दिलेली आहे, आणि तिथेही इंजिन चौथऱ्यावर एक बोलतं आणि परवान्यावर दुसरं, ही शंका तपासली गेली आहे. इकडे परराज्यांतून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरांबद्दल रत्नागिरी-सिंधुदुर्गात सगळे बोलतात. बारा मैलांच्या आतलं पाणी राज्याचं, पण आत शिरून मासळी उचलून निघून जाणाऱ्याला गाठायचं कशाने, हा प्रश्न लिलावातल्या म्हाताऱ्यांपासून विधानसभेपर्यंत विचारून झाला आहे. त्या ट्रॉलरांकडे बोट दाखवतच इथला नाखवा मोठ्या इंजिनाची चौकशी करतो. त्याच्याकडे बघून शेजारचा करतो.

मामाचा मासळीच्या भावातला हिशेब इथे मला अडतो. तो अर्धा तास त्याच्या इंजिनाने दिलेला नसतो. बाकीच्या बोटी सात नॉटवर राहिल्या म्हणून तो असतो. ज्या वर्षी बाजूचे चार जण आठ नॉटवर येतील त्या वर्षी लिलाव अर्धा तास लवकर सुरू होईल, पहिल्या ढिगांना परत गर्दी होईल, आणि सोळा लिटर मात्र रोज जळत राहतील, प्रत्येकाचे. आणि मोठ्या जाळ्याने एकाला जास्त मिळालं तर मिळालं, शंभरांनी मोठी जाळी लावली तर दर्यात मासळी काही शंभरपट होत नाही. हे मी मामाला सांगितलं. त्याला ते माहीत होतं. दोन सिलिंडरच्या काळात तो खलाशी होता, चारवाल्या बोटी आल्या तेव्हा तांडेल झाला होता. "मग मी काय करू," तो म्हणाला, "एकटा सातवर राहू?"

त्या वर्षी टर्बो लागला नाही. नोझल नवे आले, पंप कॅलिब्रेट करून परत सील होऊन आला, पंख्याचं पातं रत्नागिरीहून सरळ करून आणलं, आणि बुड मिस्त्रीने समोर उभं राहून घासून घेतलं. नारळी पौर्णिमेनंतर बोट बाहेर पडली तेव्हा धूर करडा होता, काळा नव्हता, आणि मामा म्हणाला की अर्धा नॉट तरी सुटलाय. मी काही मोजायला गेलो नाही. ते समाधान पुढच्या मोसमापर्यंत टिकलं. मग शेजारच्या बोटीत नवीन इंजिन आलं, कारखान्यातूनच टर्बो आणि आफ्टरकूलर लावून आलेलं, आणि तिच्या मालकाने परत येताना मामाला मागे टाकून वर हात केला. हात केला नसता तर कदाचित आणखी एक वर्ष गेलं असतं.

नवं इंजिन घ्यायचं ठरल्यावर मामाने सगळं रीतसर केलं, हे त्याला द्यायला हवं. गिअर इंजिनाबरोबरचा, शाफ्ट जाड, नळी नवी, पंखा नव्याने काढून घेतलेला, परवान्यावरचा आकडा बदलून घेतलेला. वर्षभराचे पैसे सुताराच्या आणि बँकेच्या हातात गेले. आता तो साडेआठने येतो असं म्हणतो. लिलावात कितवा लागतो हे मी विचारत नाही.

जुनं इंजिन बेडवरून चेन ब्लॉकने उचलून वाळूत फळीवर ठेवलं होतं. ते घ्यायला दाभोळ खाडीच्या बाजूचा एकजण आला, तीस-बत्तिशीचा, दोन सिलिंडरची बोट असलेला. मिस्त्रीने डिझेल जोडून बादलीतल्या पाण्यावर ते चालू करून दाखवलं. गिऱ्हाइकाने कान लावला, तेलाची कांडी काढून दोन बोटांत तेल चोळून बघितलं, मग खिशातून टेप काढून पायांमधलं अंतर मोजलं आणि मोबाइलमधल्या आकड्याशी ताडून बघितलं. "तुझ्या बेडला बसायचं नाही हे," मिस्त्री म्हणाला, "चार इंच जास्त आहे. आणि तुझा शाफ्ट बारीक."

"बेड कापू की," तो म्हणाला. "शाफ्टचं बघतो नंतर. किती घेणार नाखवा, शेवटचं बोला."

मामाने आकडा सांगितला. त्याने मान हलवली, आणि गिअर त्यातच धरला आहे का, ते आधी विचारलं.